मौलानांच्या कमरेचं काय करायचं, हबीब?

हबीब,

तुझ्या कबरीवर भांडण झालं. तुला ते ऐकू गेलं असणारच, कारण ते तुझ्या डोक्याशी उभं राहून झालं, आणि आपली माणसं हळू आवाजात भांडत नाहीत. तेवढंच सांगायला लिहायला बसलोय असं नाही, पण सुरुवात तिथून केली नाही तर मला रडू येईल. आणि तुझ्यासाठी रडणारा हा परकार पाहून तू काय म्हणाला असतास ते मला आत्ताच ऐकू येतंय.

झालं असं. सगळ्यांचं माती देणं झालं. आपले इमाम मौलाना शमीम दुआ करायला पुढे सरकले, तेवढ्यात आपला मोईदीन कुट्टी तुझ्या डोक्याशी मांडी घालून बसला. उभा जन्म भोपाळच्या कारखान्याच्या वाइंडिंग शॉपमध्ये घालवूनही हिंदी अजून मल्याळमच्या चालीवर बोलणारा कुट्टी. म्हणाला, "हबीबसाब के लिए तलकीन मैं बोलेगा." केरळात आणि आमच्या कोकणात ही रीत आहे. कबरीत फरिश्ते येऊन प्रश्न विचारणार, तर त्यांची उत्तरं मयताला आठवून द्यायची. त्याचं पाहून आझमगडच्या वेल्डर मंडळींपैकी एक जण लगेच कानांत बोटं घालून उभा राहिला, कारण त्यांच्यात कबरीवर अजान देतात. आणि तिसऱ्या बाजूनं खणखणीत आवाज आला की या दोन्ही गोष्टींना धर्मात आधार नाही, असेल तर दाखवा.

मग जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. सगळ्यांनी, अगदी मौलानांनीसुद्धा, सवयीनं मागं वळून पाहिलं. मशिदीत वाद निघाला की मागच्या खांबाशी बसलेल्या सेक्रेटरीकडे, म्हणजे तुझ्याकडे, बघायचं ही आमची इतक्या वर्षांची रीत. मागं कुणी नव्हतं. सेक्रेटरी पुढे होता आणि या वेळी त्याचं काही म्हणणं नव्हतं. शेवटी जुने भोपाळी अच्छन मियां काठीवर रेलून म्हणाले, "को खां, मियां को अब सोने भी दोगे के नईं?" तेव्हा कुठे सगळे ओशाळले आणि ज्यानं त्यानं आपापलं मनातल्या मनात म्हटलं. कुट्टीनं मात्र ओठांतल्या ओठांत तलकीन पुरी केली. आयुष्यात एकही परीक्षा अभ्यास करून दिली नाहीस तू, तेव्हा ते बरंच झालं.

बाहेरच्या माणसाला वाटतं मुसलमान म्हटला की एक टोपी, एक नमाज, विषय संपला. त्याला आपल्या टाकीजवळच्या मशिदीत आठवडाभर आणून बसवायला हवं. कारखान्यानं देशभरातून माणसं भरती केली आणि पिपलानीच्या क्वार्टरांत शेजारी शेजारी ठेवली. कोण कुठे हात बांधतो हे भरतीच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे एका ओळीत कुणी बेंबीखाली हात बांधतो, कुणी बेंबीवर, कुणी छातीवर. भोपाळी, बिहारी, आझमगडी, हैदराबादी, मल्याळी, आम्ही दोनचार कोकणी आणि तू एकटा वऱ्हाडी. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आपल्याकडे एकाच घरात सगळ्या चुली होत्या आणि प्रत्येकीला वाटायचं, भाकरी फक्त आपलीच फुगते.

रमजानात रात्रीच्या जादा नमाजेच्या रकाती, म्हणजे आवर्तनं, आठ की वीस, यावरून एके वर्षी दोन पक्ष पडले होते. तू तोडगा काढलास. आठवाल्यांनी आठ झाल्या की चपला हातात घेऊन बाजूच्या दारानं मुकाट्यानं जायचं आणि वीसवाल्यांनी त्यांच्याकडे वळून पाहायचं नाही. आजतागायत तसंच चाललंय. वीसवाल्यांपैकी कित्येक जण त्या बाजूच्या दाराकडे हेव्यानं बघतात हे मी स्वतः पाहिलं आहे, पण तेही धर्मात चालत असावं.

मी खेड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातून इथे आलो तेव्हा नवा कोरा इंजिनिअर होतो आणि मला वाटायचं, आमच्या गावात पढतात तीच नमाज. पहिल्याच जुम्म्याला इमामांनी फातिहा संपवली आणि मी, लहानपणापासूनच्या सवयीनं, मोठ्यानं "आमीन" म्हणालो. आमच्यात मोठ्यानं म्हणतात. इथे ते मनात म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारचा माणूस दचकून अर्धा हात बाजूला सरकला. नमाज झाल्यावर तू आलास, नाव विचारलंस, परकार ऐकून गाव विचारलंस आणि मग एकदम वऱ्हाडीत उतरलास, "थोडं दमानं म्हनत जा बाप्पा. इमामसाहेबाले बीपी हाय."

भोपाळच्या मशिदीत वऱ्हाडी. मी उडालोच. तुझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आले, पण तुला त्यांनी मॅट्रिकपर्यंत आजोळी अकोल्याकडे मराठी शाळेत ठेवलं, हे मला मागाहून कळलं. उर्दू तुझी सफाईदार होती, भोपाळी तर अशी की जुन्या शहरातल्या दगडी पटियांवर गप्पा छाटत बसणाऱ्यांनी जागा करून द्यावी. पण राग, माया आणि चेष्टा या तिन्ही गोष्टी तू मराठीतच करायचास. घरात भाभींना मराठी येत नव्हती, म्हणून मग सगळ्याचा मारा माझ्यावर.

आपण मशिदीच्या ओट्यावर बसून मराठीत भांडायचो आणि लोक आदरानं लांब उभे राहायचे. त्यांना वाटायचं, दोघे धर्माच्या मोठ्या मसल्यावर बोलताहेत. एकदा असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाल्यावर आपलं इतकं जुंपलं की मौलाना स्वतः येऊन नम्रपणे म्हणाले, "हजरत, किताब मंगवा लूं?" वाद सुकटीवरून चालला होता. मी गावाहून आणलेली सुकट तुझ्या घरी दिली होती आणि भाभींनी ती शेजारच्या मांजरीला घातली होती. तू म्हणत होतास, "मांजरीनंही दोन दिवस इचार केला बे."

असरच्या वेळेचा वाद त्या मानानं खराच मोठा होता. आमच्या हिशेबानं काठीची सावली काठीएवढी वाढली की असरची वेळ होते, तुमच्या हिशेबानं दुप्पट झाल्यावर. म्हणजे आम्ही तासभर आधी तयार, आणि मशीद तुमच्या वेळेवर. कुट्टीनं आणि मी कमिटीपुढे अर्ज केला. तू दोन्ही बाजू ऐकल्यास आणि निकाल दिलास की असर कारखान्याचा भोंगा झाल्यावर पाव तासानं होईल. मी चिडून म्हणालो, हा निकाल कुठल्या इमामाच्या मताप्रमाणे? तू म्हणालास, "तुह्या वेळेले तू मशीनपाशी असतो का मशिदीत? मंग कायले भांडतो?" आता आम्ही सगळे रिटायर झालो, अयोध्या नगरात घरं बांधली, तरी आपली असर भोंग्यावरच होते. नव्या मुलांना आम्ही तो धर्माचाच भाग म्हणून सांगतो.

आता ती गोष्ट, जी आपण कधीच बोललो नाही.

आमच्यात फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेच्या, दुसऱ्या रकातीत रुकूतून, म्हणजे कमरेत वाकून, उठल्यावर, सजद्यासाठी जमिनीवर डोकं टेकण्याआधी, उभं राहून एक दुआ म्हणतात. कुनूत. "आम्हाला वाट दाखव, आम्हाला सांभाळ" अशी सुरू होते. मला ती माझ्या आजोबांनी शिकवली. तुमच्यात फजरला ती नाही, त्यामुळे तुमचे इमाम रुकूतून उठले की लगेच सजद्यात. मागं उभे आम्ही शाफई रीतीचे, म्हणजे कुट्टी आणि मी, दुआ अर्धी तोंडात घेऊन धावत त्यांच्या मागं जमिनीवर. रोज पहाटे माझं मागणं "आम्हाला सांभाळ" पर्यंत पोचायचं आणि पुढचं राहून जायचं. एका थंडीत, सहज, ओट्यावर बूट घालता घालता मी हे तुला सांगितलं. तक्रार नव्हती. गावची आठवण आली होती एवढंच. तू म्हणालास, "अर्धी फजरले म्हन, अर्धी जोहरले. हप्त्यानं दे देवाले." आणि फिदीफिदी हसलास. मला राग आला होता.

त्यानंतर आठवड्याभरात मौलाना शमीम यांची कंबर धरली.

तेव्हा मौलाना दरभंग्याहून नुकतेच आलेले होते, तरुण, काटक. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूतून उठले आणि उभेच राहिले. मागची ओळ सजद्यासाठी वाकायच्या बेतात, आणि मौलाना खांबासारखे स्तब्ध. बऱ्याच वेळानं, अगदी सावकाश, खाली गेले. माझी दुआ शेवटच्या शब्दापर्यंत पुरी झाली होती. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मी कुट्टीकडे पाहिलं, कुट्टीनं माझ्याकडे, आणि आम्ही दोघांनी चटकन नजर वळवली.

मोहल्ल्यात मात्र हाहाकार. इतक्या कोवळ्या वयात मौलानांची कंबर गेली. आझमगडवाल्यांनी मोहरीचं तेल पाठवलं, हैदराबादवाल्यांनी कसलासा लेप, कुणी पट्टा आणला, कुणी फळी घातलेली गादी. अच्छन मियां जुन्या शहरातल्या हकीमाकडून पुड्या घेऊन आले. सगळ्यात कहर म्हणजे कुट्टीनं केरळहून औषधी तेलाची मोठी बाटली मागवली. ज्याच्यासाठी कंबर धरली होती तोच तिला तेल लावत होता. मी त्याला म्हणालो, अरे, काय हे? तर म्हणतो, "कुछ नहीं देगा तो लोग शक करेगा."

लोकांना कोडं एवढंच होतं की ही कंबर फक्त फजरला, फक्त दुसऱ्या रकातीत आणि फक्त तेवढ्या एका जागी कशी धरते. बाकीच्या चार नमाजांत मौलाना वेतासारखे वाकायचे. कुणी म्हणालं पहाटेच्या गारठ्यानं होतं. मग भोपाळचा मे महिना आला, पहाटेसुद्धा अंगाला चटके, तरी कंबर धरलेलीच. तेव्हा अच्छन मियांनी ठरवून टाकलं, "सुबे की कमर हे खां, सुबे ई पकड़ेगी." आणि त्यावर मोहल्ल्याचं समाधान झालं. मौलाना कधीही खोटं बोलले नाहीत. कुणी विचारलं, "कमर कैसी है?" की म्हणायचे, "अल्लाह का करम है." त्यात काही खोटं नव्हतं.

तू तर कमालच केलीस. कमिटीत कुणी तरी ठराव मांडला की इमामसाहेबांचा एक्सरे काढावा. तुझा चेहरा मला आजही आठवतो. दोन महिने तू तो विषय पुढे ढकललास. आज ईद जवळ आली, उद्या पाण्याची मोटर बिघडली. शेवटी लोकांनी मौलानांना उचलूनच नेलं. डॉक्टरनं एक्सरे पाहिला आणि सांगितलं की खालचे दोन मणके खरोखरच झिजलेले आहेत, वाकताना सावकाश वाका. मौलाना पांढरेफटक होऊन परत आले. तू त्यांना नमकीन चहा पाजायला घेऊन गेलास. मागाहून येऊन मला एवढंच म्हणालास, "देवानं एक्सरे सुधरवला."

एवढं एक वाक्य. तेही मी न ऐकल्यासारखं केलं. कारण बोललो असतो तर ती गोष्ट झाली असती, गोष्ट झाली की कमिटीपुढे आली असती, आणि कमिटीपुढे आली असती तर चार गावांहून चार फतवे मागवले गेले असते. मग इमाम शाफई लोकांसाठी थांबतो म्हटल्यावर आणखी कुणी आणखी कशासाठी थांबायला सांगितलं असतं. तू हे सगळं आधीच ओळखलं होतंस. म्हणून एका माणसाच्या अर्ध्या दुआसाठी तू दुसऱ्या एका माणसाची कंबर कामाला लावलीस आणि तिसऱ्या कुणाला कळू दिलं नाहीस. वर मला आयुष्यभर चिडवत राहिलास, "तुमी कोकनी लोक मासोळी खाता आन दुआ लांब लांब म्हनता."

मी तुझे आभार मानले नाहीत. मानायची सोयच ठेवली नव्हतीस तू.

आता खोलीचं. तुला माहीत आहेच, पण तुझ्या मागं तिचं काय झालं ते माहीत नाही. अयोध्या नगरात हार्डवेअरच्या दुकानावरची ती मोठी खोली. मल्याळी, तमिळ आणि कोकणी मिळून आता बरीच शाफई कुटुंबं झालीत, बँकांत आणि कंपन्यांत आलेली पोरं. त्यांना स्वतःची जागा हवी होती. असर आपल्या वेळेला, आमीन मोठ्यानं, कुनूत हात उचलून. आणि बायकांना नमाजेला जागा, कारण केरळात त्यांच्या बायका मशिदीत जातात, आणि टाकीजवळच्या मशिदीत कुट्टीच्या सुनेला चपलांच्या कट्ट्यापर्यंतच येता येतं. कुट्टीच्या मते सगळ्यांत वयानं मोठा मी, म्हणून मी हो म्हटलं की सगळे येतील, नाही म्हटलं की कुणीच नाही. म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात.

मी हो म्हणणार होतो. का नाही म्हणायचं? म्हातारपणी आपल्या वेळेला, आपल्या रीतीनं दोन रकाती पढाव्यात, यात कुणाचं काय जातं? तुझं म्हणणं होतं की खूप जातं. "येगळी करसान त पुढच्या सालात तिच्यातही दोन पार्ट्या होतीन. एक कोकनी, एक मल्याळी. मंग तू एकटाच येगळी बांधशीन. खेडची." मी म्हणालो, तुझं काय जातंय, तू तर बाग सेवनियात मुलाकडे राहायला गेलास, तिथे दाराशी मशीद आहे, तरी पहाटे स्कूटर पिटाळत पिपलानीला येतोस. तू म्हणालास, "तिथं भांडाले कोनी वळखीचं नाई." यावर मला हसू आलं आणि वाद तिथे थांबला. आपले सगळे वाद असेच थांबायचे, संपायचे नाहीत.

बायकांच्या जागेबद्दल मात्र तुझ्यापाशी उत्तर नव्हतं. दर वेळी "पाहू" म्हणायचास. इतकं सगळं सोडवणाऱ्या माणसाला एक मागचा व्हरांडा सोडवता आला नाही, हे मी तुला तोंडावर सुनावलं होतं आणि आजही तेच म्हणेन. मेला म्हणून माणूस बरोबर ठरत नाही.

शेवटचं भांडण तू जायच्या आदल्या आठवड्यातलं. असर झाली होती, ओट्यावर आपण दोघंच. मी म्हणालो, माझं ठरलं, शुक्रवारनंतर कुट्टीला हो सांगतो. तू बुटाची नाडी बांधलीस. मग म्हणालास, "मंग जाय. मी काय तुहे पाय धरू?" मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणालो, "मी गेलो की मौलानांची कंबर तरी सुटेल."

इतक्या वर्षांत त्या गोष्टीच्या इतक्या जवळ आपल्यापैकी कुणीच आलं नव्हतं. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता हा बोलणार. तू फक्त म्हणालास, "त्या कमरेची फिकीर तू नोको करू." आणि स्कूटर काढलीस. मधले दिवस मी फुगून बसलो, फजरला दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. शुक्रवार उजाडायच्या आत तुझ्या मुलाचा फोन आला की छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. हबीब, ही काय जायची रीत झाली? वाद अर्ध्यावर टाकून उठणाऱ्याला तूच किती नावं ठेवायचास.

तुला माती देऊन आल्यापासून कुट्टी मला खोलीबद्दल विचारत नव्हता, पण दिसलो की घसा खाकरायचा. खोलीच्या मालकाला उत्तर द्यायचं होतं. मी हो म्हणायला मोकळा होतो. अडवणारा गेला होता. गंमत अशी की अडवणारा गेल्यावर मला हो म्हणताच येईना.

काल असरनंतर मौलाना माझ्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. बायकोनं चहा ठेवला. ते खुर्चीच्या कडेला बसले, दाढीतून हात फिरवत राहिले. आता तेही म्हातारे झालेत. इकडचं तिकडचं बोलून झालं, भाभींची चौकशी झाली. मग हळूच म्हणाले, "परकार साहब, एक बात पूछनी थी. अब कमर का क्या करना है?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. ते म्हणाले, "हबीब साहब ने कहा था, पीछे दो आदमी खड़े होते हैं, उनकी बात पूरी नहीं हो पाती. आप ज़रा ठहर जाया कीजिए, मैं संभाल लूंगा. मैंने किताबें देखीं. रुकू से उठकर पढ़ने की लंबी दुआ अपने यहां भी आई है. मैं वही पढ़ता हूं, इत्मीनान से. नमाज़ में कोई हर्ज नहीं." मग म्हणाले, "पर अब सुना है आप लोग अलग हो रहे हैं. तो कमर को ठीक हो जाने दूं? लोगों से कह दूं कि शिफ़ा हो गई?"

म्हणजे तू मला जे सांगितलं नाहीस ते मौलानांनी सांगितलं, आणि तेही अशा माणसासारखं, ज्याला फक्त पुढची सूचना हवी आहे. खोलीचा प्रश्न मी महिनाभर धर्माचा म्हणून डोक्यात घोळवत होतो. तो असा कमरेच्या रूपानं माझ्या दिवाणखान्यात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. हो म्हटलं तर त्या माणसाला बरं व्हावं लागणार होतं. मला फार वाईट वाटलं, हबीब. मी म्हणालो, "नहीं मौलाना. इतनी पुरानी कमर ऐसे ठीक नहीं होती."

ते म्हणाले, "जी. मेरा भी यही ख़याल था." आणि सगळा चहा प्यायले.

लगोलग कुट्टीकडे गेलो. वाटेत तयारी केली होती, एकीवर, समंजसपणावर, तुझ्या आठवणीवर चांगलं भाषण बसवलं होतं. मी "खोली नको" एवढंच म्हणालो आणि कुट्टीनं मोठा सुस्कारा सोडला. म्हणाला, "अच्छा हुआ. उधर सीढ़ी बहुत है, मेरा घुटना नहीं चलता." माझं भाषण तसंच राहिलं. त्याची सून मात्र आतून बाहेर आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "अंकल, फिर पीछे का बरामदा हमें चाहिए. परदा लगा के. इस बार 'देखेंगे' नहीं." मी हो म्हणालो. ते भांडण तू माझ्या नावावर ठेवून गेलास. कमिटीत आझमगडवाले एका बाजूला, अच्छन मियां दुसऱ्या, आणि मागच्या खांबाशी कुणी नाही. मला तुझ्यासारखं जमणार नाही. मी आरडाओरडा करीन आणि काम बिघडवीन, पण करीन.

आज पहाटे फजरला गेलो. दुसऱ्या रकातीत मौलाना रुकूतून उठले आणि उभे राहिले. मी कुनूत सुरू केली. वाट दाखव, सांभाळ, जे दिलंस त्यात बरकत दे. शेवटच्या शब्दापर्यंत आलो, संपवली, वाकायला तयार झालो. मौलाना उभेच. आणखी थोडा वेळ गेला. आमची दुआ केवढी आहे हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे, ती कधीच संपली होती. ते तरी वाकेनात. माझ्यापाशी इतका मोकळा वेळ त्या जागी आजवर कधी नव्हता. मग मी मराठीत, मनातल्या मनात, तुझ्यासाठी मागितलं. याला माफ कर म्हणालो. याची जीभ तिखट होती, तू ऐकून घे म्हणालो. शेजारी कुट्टीचा खांदा हलत होता.

सलाम फिरवून नमाज संपवल्यावर अच्छन मियां काठी टेकत माझ्या कानाशी आले. म्हणाले, "को खां, मौलाना की कमर तो और बिगड़ गई."

मी म्हणालो, "हां मियां. हबीब साहब के जाने से बढ़ गई है."

त्यांनी पुढे पाहिलं. मौलाना अजून पाठमोरे बसले होते.

"सबकी बढ़ गई हे," अच्छन मियां म्हणाले, आणि माझा हात धरून सावकाश खाली बसले.